घंटाबाईची फेरी

रुग्णालयाच्या तळघरात धुलाई विभाग होता आणि तिथे वाफेच्या इस्त्रीवर एकतीस वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळे घंटाबाई म्हणत. अगदी तिच्या तोंडावर म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली की आता काय चुकलं, अशा चेहऱ्याने ती वळून पाही. बाई व्हायब्राफोन वाजवायची. हे काय असतं, असं नवीन लागलेली प्रत्येक मुलगी विचारी आणि घंटाबाई न कंटाळता सुरुवातीपासून सांगे. जेवणाच्या टेबलाएवढी चौकट, तिच्यावर धातूच्या पट्ट्या दोन रांगांत मांडलेल्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळी, नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती, म्हणून सूर थरथरतो. दोन्ही हातांत मिळून लोकर गुंडाळलेल्या चार काठ्या आणि पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की सूर घुमत राहतो, सोडलं की मिटतो. सगळं ऐकून झाल्यावर मुलगी म्हणे, "म्हणजे घंटाच की." मग घंटाबाई पुढची चादर ओढून घेई.

एक्कावन्नाव्या वर्षी या बाईला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि ती काय, हे धुलाई विभागातल्या चौदाही जणींना पाठ होतं. नगरपालिकेच्या संगीत शाळेत व्हायब्राफोनचा वर्ग निघणार होता. शहरात असा वर्ग पहिल्यांदाच. शिक्षकाची जागा एक. वयाची अट बावन्न, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. प्रमाणपत्र हवं असं जाहिरातीत लिहिलं होतं, पण त्यापुढे ‘किंवा तितका अनुभव’ असे तीन शब्द होते. त्या तीन शब्दांसाठी तिने जाहिरात कापून पर्समध्ये ठेवली आणि दिवसातून दोनदा काढून पाहू लागली, शब्द तिथेच आहेत ना म्हणून. वर्गाच्या दारावर आपलं नाव आणि नावाखाली ‘शिक्षिका’. एवढंच. आपल्याला वाजवता येतं की नाही याची शंका तिच्या मनाला कधी शिवली नव्हती. खोटी नम्रता तिला जमत नसे आणि जमवायची तिची इच्छाही नव्हती.

आता चादरींच्या ढिगात वाढलेली ही बाई जॅझ कुठे शिकली, ते सांगायलाच हवं, कारण त्यात एक गंमत आहे.

तिचा मामा एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. हॉटेलवाल्यांना एके दिवशी जेवणघर मोठं करायची लहर आली, त्यासाठी बँडचा कट्टा पाडला आणि कोपऱ्यातला व्हायब्राफोन अडगळीत जाणार असं दिसल्यावर मामाने तो हातगाडीवर घालून बहिणीच्या घरी आणला. मामाच्या खोलीत ड्रम मावत होते तेच खूप होतं. बहिणीच्या घरीही जागा फक्त बोळात होती. संडासला जाणाऱ्या माणसाला अंग चोरून जावं लागे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या कमरेला त्या चौकटीचा कोपरा कधी ना कधी लागलेला होता. भाची तेव्हा चौदा वर्षांची. मामाने तिला एक कॅसेट दिली. हॉटेलच्या बँडचे जुने वादक मागच्या अंगणात तालमीला बसत, तेव्हा त्याने खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर केलेलं ध्वनिमुद्रण होतं ते. "ऐक आणि वाजव," एवढंच मामाचं शिक्षण. मामा ड्रमवाला. पट्ट्यांमधलं त्याला काही कळत नसे, पण ताल चुकला की बोळाच्या टोकाला बसून तो नुसता खोकायचा.

पोरगी हात धुऊन त्या कॅसेटच्या मागे लागली. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात आणि मग त्याच स्वरांच्या चौकटीवर एकेकजण आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. एकाने चौकटीला एकदा वळसा घातला की झाली त्याची एक फेरी. कॅसेटवर व्हायब्राफोनवाल्याच्या अकरा फेऱ्या होत्या. त्या अकराच्या अकरा तिने सहा वर्षांत कानाने उतरवून घेतल्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे पेडल सोडायचं, कुठे उजव्या हाताने वाजवत असताना डाव्या हातातल्या काठीने मागचा सूर दाबून मिटवायचा, सगळं. काही जागा भलत्याच अवघड होत्या. बोटं आडवीतिडवी पडायची, वरच्या रांगेतल्या अरुंद पट्ट्यांवर काठ्या एकमेकींत अडकायच्या. त्या वादकाला असं वाकडं वाजवायची हौस का होती, हे तिला कळेना, पण तो मोठा कलावंत म्हणून तिने ऐकून घेतलं.

विसाव्या वर्षी, म्हणजे इस्त्रीवर लागली त्याच वर्षी, मामा तिला कामगार भवनातल्या रविवारच्या बँडमध्ये घेऊन गेला. बँडचे प्रमुख ट्रम्पेटवाले काका. त्यांचं कुलपांचं दुकान होतं आणि बोलणंही तसंच, कमी आणि बंद. धून सुरू झाली. पोरीची वाजवायची वेळ आली. तिने डोळे मिटून कॅसेटवरची सातवी फेरी सोडली, एकही पट्टी न चुकता, आणि सबंध बँडच्या अर्धा स्वर वर. पहिलं मिनिटभर सगळ्यांना वाटलं, हे काहीतरी नवीन निघालेलं दिसतंय. बासवाल्याने तर मान डोलवली. मग ट्रम्पेटवाल्या काकांनी हात वर केला.

"पोरी," ते म्हणाले, "आम्ही खाली आहोत. तू वरच्या मजल्यावर काय करतेस?"

घोटाळा मामाचा होता. ध्वनिमुद्रण करताना त्याच्या रेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. फीत सावकाश फिरली, आणि घरच्या धडधाकट टेपवर लावली की ती जरा पळायची. पळते म्हणजे सूरही चढतो. सहा वर्षं पोरगी सगळं अर्धा स्वर वर आणि त्या बिचाऱ्या वादकापेक्षा जलद वाजवत होती. ज्या अवघड जागांसाठी तिने बोटं सोलून घेतली, त्या मुळात सोप्या, खालच्या रांगेतल्या सरळ जागा होत्या. मामाने कपाळावर हात मारला. पोरगी त्या दिवशी घरी येऊन कोणाला कळू नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडली, तरी तेवढ्याशा घरात ते सगळ्यांना कळलंच.

पण दुसऱ्या दिवशी तिने एक हिशेब मनात मांडला. ज्या सुरात कुणी सुखासुखी वाजवत नाही, त्या सुरात आपल्याला अकरा फेऱ्या येतात. मग उरलेल्यांत का येऊ नयेत? चौदा महिने ती रविवारच्या बँडकडे फिरकली नाही. गेली ती बाराही सुरांत, म्हणजे कुठलाही सूर सा धरला तरी वाजवता येईल असं, सगळं बसवून. ट्रम्पेटवाल्या काकांनी विचारलं, कुठल्या सुरात घेऊ या? ती म्हणाली, "तुम्हाला बरं पडेल तो घ्या." हे वाक्य तिने पुढे तीस वर्षं प्रत्येक रविवारी वापरलं आणि दरवेळी तितक्याच तोऱ्यात वापरलं.

शिकवणं सुरू झालं ते तिने ठरवून नव्हे. लग्न झालं, व्हायब्राफोन सासरी येणार तर ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. नवरा टाइपरायटर दुरुस्त करायचा, पुढे प्रिंटर. माणूस भला. व्हायब्राफोनच्या मोटरचा तुटलेला पट्टा त्याने टाइपरायटरच्या दुकानातल्या रबराने बदलून दिला तेव्हाच तिचं मन त्याच्यावर बसलं, असं ती सांगायची. पण खोली एकच होती. शेवटी रुग्णालयातल्या मेट्रनबाईंनी तळघरातली चादरींची जुनी कोठी उघडून दिली. दुपारी दोनला पाळी सुटली की घंटाबाई तिथे जाऊन बसे. आवाज ऐकून आधी क्ष-किरण विभागातली तंत्रज्ञ आली, मग निवृत्त झालेली टपालवाली, मग औषधांच्या दुकानातले एक जाडजूड गृहस्थ, ज्यांना डॉक्टरांनी काहीतरी व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं. वीस वर्षांत असे तीस-पस्तीस जण त्या कोठीतून गेले. त्यातले सहा आज निरनिराळ्या बँडमध्ये उभे राहून वाजवतात. हा आकडा घंटाबाई न विचारता सांगे.

तिची शिकवण्याची रीत इस्त्रीतून आली होती. वाफेच्या प्रेसला खाली पेडल असतं. ते दाबायला कुणालाही येतं. नेमकं कधी सोडायचं हे ज्याला कळलं नाही त्याने कपडा जाळला म्हणून समजावं. ती नव्या माणसाला पहिले दोन महिने वाजवायला देतच नसे. ती स्वतः पट्टी वाजवी आणि शिकणाऱ्याने फक्त काठी टेकवून, किंवा पेडल सोडून, सांगितलेल्या क्षणी सूर मिटवायचा. टपालवाली वैतागून म्हणाली होती की बाई, मी घंटा शिकायला आले का घंटा बंद करायला? पण तिसऱ्या महिन्यात काठी हातात आली तेव्हा तिचा एक सूर दुसऱ्यात सांडत नव्हता, आणि वैताग पळून गेला.

आता लेक. लेक त्या कोठीतच वाढली. नळ्यांखाली गोधडी पसरून तिला निजवलेलं असे आणि वर धडे चालू असत. चौथ्या वर्षी ती काठी धरायला लागली, नवव्या वर्षी चारही. तिच्या कानाचं घंटाबाईला कौतुकही होतं आणि धाकही. पोरीने एखादी गोष्ट एकदा ऐकली की ती जशीच्या तशी हातातून निघे. फेरी असो, दाराची करकर असो, बापाचं घोरणं असो. "कानातून सरळ हातात," घंटाबाई तिला टोचायची, "मधे डोकं म्हणून काही लागतं की नाही?" पोरगी तोंड वाकडं करून आईची कालची फेरी परत वाजवून दाखवायची, मुद्दाम. मग दुसऱ्या शहरात संगीत महाविद्यालयात तीन वर्षं काढून, प्रमाणपत्र घेऊन ती परत आली. आल्या दिवशी कोठीत तासभर वाजवलं. घंटाबाई घरी आली ती पळतच.

"अहो, ऐकलंत का? ती आता माझ्यासारखं वाजवत नाही," तिने नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. त्याने बिचाऱ्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बायकोच्या पाठीवर हात ठेवला. घंटाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

त्यानंतर वर्षभराने ती जाहिरात आली. लेकीने अर्ज करणार नाही म्हणून सांगितलं. आईच्या वाटेत यायचं नाही, विषय संपला. घंटाबाईने तिच्या नावाचा अर्ज आणला, स्वतःच्या अक्षरात भरला, सही करायला पुढे ठेवला आणि सही होईपर्यंत चहा दिला नाही. माझ्या मुलीला मी बाजूला ठेवलं असं लोकांनी म्हणायला नको, असं तिचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. आपण जिंकायचं तर जी खरोखर चांगली आहे तिच्याशी लढून, हा तिचा माज होता आणि तो तिने आयुष्यभर सांभाळला होता. नवरा म्हणाला, घरात दोन उमेदवार, म्हणजे मला प्रचाराला कुठे जायला नको. दोघींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो प्रिंटर उघडून बसला.

परीक्षा शनिवारी सकाळी दहाला होती. संगीत शाळेची इमारत जुनी, तीन मजल्यांची. दुसऱ्या मजल्यावर लांब ओसरीसारखा पॅसेज, त्यात एक बाक आणि समोर दुधी काचेचं दार. उमेदवार पाच. त्यातले दोघं आधीच आटपून गेले होते. उरले एक प्रमाणपत्रवाले गृहस्थ, सूट घातलेले, हातात काठ्यांची चामडी पेटी, घंटाबाई, आणि लेक. आत तिघांची समिती होती. शाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे पियानोवाले सर म्हणत आणि जे परीक्षेत स्वतः पियानोवर साथीला बसले होते. पालिकेच्या एक अधिकारीबाई. आणि बाहेरून बोलावलेले एक निवृत्त बँडमास्तर. बास आणि ड्रमवर शाळेतलेच दोन शिक्षक. आधी पंधरा मिनिटं एका अगदी नवख्या माणसाला शिकवून दाखवायचं, त्याला पन्नास गुण. मग सगळ्यांना एकच धून आणि तिच्यावर स्वतःच्या दोन फेऱ्या, त्याला पन्नास.

घंटाबाई आत गेली. नवखं माणूस म्हणून शाळेच्या ग्रंथपालबाईंना उभं केलं होतं, आणि त्या सकाळपासून तेच ते ऐकून कंटाळल्या होत्या. घंटाबाईने त्यांच्या हातात काठी दिली आणि सांगितलं, तुम्ही काही वाजवायचं नाही, मी वाजवते, तुम्ही फक्त मला गप्प करायचं. ग्रंथपालबाईंची आयुष्यभराची नोकरी तीच होती. पंधरा मिनिटांत त्या इतक्या नेमक्या क्षणी सूर मिटवू लागल्या की बँडमास्तर मोठ्याने हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग धून. "कुठल्या सुरात घेऊ?" पियानोवाल्या सरांनी विचारलं. आणि तिने आपलं ठरलेलं उत्तर दिलं. सरांनी एक भुवई वर करून मुद्दाम आडवा सूर पकडला, नेमका तोच, तिच्या कॅसेटवाला. घंटाबाईला हसू आवरेना. पहिली फेरी तिने जवळजवळ नुसत्या खालच्या सुरांवर काढली, सावकाश, पेडल कमी, एकेक सूर घडी घालून ठेवल्यासारखा. दुसऱ्या फेरीत मधोमध तिची एक काठी शेजारच्या पट्टीवर पडली. चक्क चूक. पण तीस वर्षांच्या रविवारांनी शिकवलेलं होतं. तिने तोच चुकीचा सूर आणखी दोनदा वाजवला, ठासून, आणि तिथूनच नवीन वाट काढून परत चौकटीत आली. ऐकणाऱ्याला वाटावं बाईला तोच सूर हवा होता. बासवाल्याने मान डोलवली. बाहेर येऊन तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली. आपण आजवर इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर्गाचं दार तिला दिसायलाच लागलं होतं.

लेक आत गेली. शिकवण्याचा भाग संपला, धून झाली, आणि लेकीची पहिली फेरी सुरू झाली. घंटाबाई बाकावर बसून पाणी पीत होती. खालचे सूर, सावकाश, पेडल कमी. छान, तिच्या मनात आलं. आणि मग बाटली तिच्या हातात तशीच राहिली. हे छान वाटणारच होतं. हे तिचंच होतं.

लेक आईची फेरी वाजवत होती. बंद दाराआडून, वीस मिनिटांपूर्वी, एकदाच ऐकलेली. सूर न सूर, मिटवण न मिटवण. दुसरी फेरी सुरू झाली, मधोमध आली, आणि लेकीची काठी शेजारच्या चुकीच्या पट्टीवर पडली. पुन्हा पडली. आणखी एकदा, ठासून. चूकसुद्धा आईचीच.

सूटवाल्या गृहस्थांनी घंटाबाईकडे वळून पाहिलं. "हे तर तुम्ही वाजवलेलंच," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सहानुभूती होती, पण जीव भांड्यात पडल्याची थोडीशी छटाही होती. "दुसऱ्याची फेरी उचलायची म्हणजे संपलंच की सगळं."

घंटाबाईला सगळं एका झटक्यात कळलं. जॅझमध्ये एकही पट्टी न चुकता खात्रीने हरायचा हा एकच रस्ता होता, आणि पोरीने तो बरोबर शोधला होता. समितीने नुकतंच ऐकलेलं, त्यांच्या कानात ताजं असलेलं दुसऱ्याचं वाजवणं जसंच्या तसं पुढे ठेवायचं. मग कागदावर ‘नक्कल’ एवढा एकच शब्द येणार, आणि त्यावर प्रमाणपत्राचा काही उपाय नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी, हे ती नंतर कबूल करायची, अभिमानाने तिचा ऊर फुटायची वेळ आली. एकदा ऐकून! बंद दारातून! आपण ज्याला सहा वर्षं आणि एक मोडकी कॅसेट घातली, ते या कार्टीने बाकावर बसल्या बसल्या केलं होतं.

ती स्वस्थ बसली असती तर वर्ग तिचा होता. हे तिला दिसत होतं. काही करावं लागणार नव्हतं, फक्त बाटलीचं झाकण लावायचं होतं.

तिने दार उघडलं.

पियानोवाले सर शेवटचा सूर सोडून वही पुढे ओढत होते. अधिकारीबाई म्हणाल्या, बाई, तुमची परीक्षा झाली आहे, बाहेर थांबा.

"माझी झाली," घंटाबाई म्हणाली. "हिची अजून झालेली नाही. आत्ता वाजलं ते माझं होतं, हे तुम्हालाही कळलंय. हिचं तुम्ही अजून ऐकलेलंच नाही."

लेकीने मान वर केली नाही. "आई, बाहेर जा," ती हळूच म्हणाली.

"मी तुला हे शिकवलं?"

"तुला ही जागा हवी आहे. मला माहितीये तुला किती हवी आहे."

"हवी आहे," घंटाबाई म्हणाली. "पण मला ती मिळवायची आहे. तुझ्याकडून घ्यायची नाही. तू आज मला जिंकवलंस ना, तर त्या वर्गात मी रोज सकाळी काय म्हणून उभी राहू?"

अधिकारीबाईंनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. उमेदवाराची आई मधेच आली तर काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. बँडमास्तर खिडकीतून बाहेर बघत होते, बहुधा चेहरा दिसू नये म्हणून. पियानोवाले सर घंटाबाईकडे वळले.

"बाई, तुम्ही काय करताय हे तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय."

सरांनी वहीतल्या आकड्यावर काट मारली. "पुन्हा एकदा घेऊ," ते साथीदारांना म्हणाले, आणि लेकीला विचारलं, "कुठल्या सुरात?"

लेक आईकडे पाहत होती. डोळे लाल, जबडा घट्ट. इतकी चिडलेली ती दहाव्या वर्षानंतर दिसली नव्हती. "तुम्हाला बरं पडेल तो," ती म्हणाली.

घंटाबाईला बाहेर जा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ती दाराशी उभी राहिली, पर्स पोटाशी धरून. धून झाली. आणि पोरीने पहिल्या चार मात्रा काहीच वाजवलं नाही. बास आणि ड्रम पुढे चालत राहिले आणि ती काठ्या हवेत धरून उभी. मग एक सूर. तो तिने मिटवलाच नाही, पेडल दाबून घुमत ठेवला, आणि त्याच्या घुमण्याच्या आत दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. जे आई लोकांना वीस वर्षं करू नका म्हणून सांगत आली होती तेच. सूर एकमेकांत सांडू दिले. आणि ते सांडणं इतकं देखणं होतं की बासवाल्याची मान डोलायची थांबली. दुसऱ्या फेरीत राग बाहेर आला. चारही काठ्या. वरच्या रांगेत, खाली, परत वर, आणि मधेच सगळं एकदम मिटवून टाकलेलं, एका फटक्यात, आईने शिकवलेलं मिटवणं, पण आईने जिथे कधीच मिटवलं नसतं तिथे. घंटाबाई पुढचा सूर ओळखायचा प्रयत्न करत होती. एकही ओळखता आला नाही. एकसुद्धा नाही. तिने दाराच्या चौकटीला हात टेकला.

फेरी संपली तेव्हा ती वळली. मागे सूटवाले गृहस्थ पेटी छातीशी धरून उभे होते, तेही ऐकायला आलेले.

"माझी मुलगी आहे," घंटाबाईने त्यांना सांगितलं. ते त्यांना आधीच माहीत होतं. तिने तरीही पुन्हा सांगितलं.

घरी जाताना दोघी बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. तीन दिवस बोलणं नव्हतं. जे काही ते नवऱ्यामार्फत. त्याने विचारावं तर दोघींपैकी कुणी धड सांगेना, म्हणून त्याला वाटलं दोघीही नापास झाल्या आणि त्याने दोघींसाठी वेगवेगळं सांत्वन तयार केलं. चौथ्या दिवशी लेक कोठीत आली, आईच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली की मधल्या त्या तुझ्या चुकीनंतरची वाट मला नीट बसली नव्हती, दाखव ना. घंटाबाईने दाखवली.

निकाल पुढच्या सोमवारी लागणार होता. घंटाबाईने दुपारची पाळी घेतली आणि सकाळी एकटीच शाळेत गेली. वाईट वाटणार हे ती घरून ठरवूनच निघाली होती, आणि ते वाटलंही. कुणी तिला विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं. पहिल्या मजल्यावर फळ्यावर कागद लावला होता, पाच नावं गुणांनुसार उतरत्या क्रमाने. पहिलं नाव लेकीचं. दुसरं घंटाबाईचं, तीन गुण कमी. शिकवण्याच्या रकान्यात तिला पन्नासपैकी एकोणपन्नास होते, वाजवण्याच्या रकान्यात लेकीला पन्नासपैकी पन्नास. सूटवाल्या गृहस्थांचं नाव तिसरं, बरंच खाली. ती कागदासमोर खूप वेळ उभी होती. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढत होता. बाई हलेना असं पाहून तो थांबला. परीक्षा दिली होती का, त्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"मग यातलं तुमचं कुठलं?"

घंटाबाईने एक बोट पहिल्या नावावर ठेवलं आणि दुसरं दुसऱ्यावर.

"ही दोन्ही," ती म्हणाली, आणि दोनच्या पाळीला उशीर होईल म्हणून जिना उतरू लागली.